दोन ग्राफिक कार्डांच्या गेमिंग पीसीला एसएमपीएस कुठला? ८५० की १००० वॉट?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी,
माझ्याकडे आय७-८७००के, झेड३७० बोर्ड, ३२ जीबी रॅम, दोन एसएसडी, एक जुनी हार्ड डिस्क आणि जीटीएक्स १०८० टीआय आहे. एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) ६५० वॉटचा, ब्राँझ (वीज किती वाया जाते यावरचा ८० प्लस बिल्ला, गोल्ड त्याहून वरचा). ४के मॉनिटर घेतल्यापासून एकट्या कार्डाची दमछाक होते. मित्र त्याचं हेच मॉडेल विकतोय, बऱ्यापैकी स्वस्तात, आणि एसएलआयचा (एनव्हिडियाची दोन कार्डं जोडून एकत्र चालवायची सोय) ब्रिज वर फुकट देतोय. बोर्डाला एसएलआय चालतं, ते तपासलंय.

गाडी अडलीय एसएमपीएसवर. एक दुकानदार म्हणतो ८५० मध्ये आरामात भागेल, दुसरा म्हणतो १२०० च्या खाली बोलूच नका. सिंगल रेल घ्यायचा की मल्टी रेल? गोल्डला जास्तीचे पैसे मोजायचे का? आम्ही सांगलीजवळच्या गावात राहतो, संध्याकाळी व्होल्टेज हलतं, लाईट जाते. यूपीएस ६०० व्हीएचा आहे. अनवाणी पायांनी कॅबिनेटला हात लावला की बोटांना झिणझिण्या येतात, पण त्या पहिल्यापासून आहेत.

खेळतो ते जीटीए ५, विचर ३ आणि शॅडो ऑफ द टूम रेडर. बजेट ताणता येईल, पण एकदाच.

एकच_कार्ड_बास
एसएमपीएसचं नंतर बघू. आधी दुसरं कार्ड घेऊच नका असं मी म्हणेन. एनव्हिडियाने सप्टेंबर २०२० मध्येच सांगून टाकलं होतं की १ जानेवारी २०२१ पासून आरटीएक्स २० मालिका आणि त्याआधीच्या कार्डांसाठी एसएलआयचे नवीन प्रोफाइल (एखादा गेम दोन कार्डांवर कसा चालवायचा, याची ड्रायव्हरमधली सेटिंग) निघणार नाहीत. म्हणजे त्यानंतर आलेल्या गेममध्ये, गेम बनवणाऱ्याने स्वतः सोय केली नसेल तर, तुमचं दुसरं कार्ड नुसतं बसून राहणार. शिवाय पास्कल कार्डांचे (म्हणजे तुमच्या १०८० टीआयच्या पिढीचे) नेहमीचे गेम ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर थांबले, आता फक्त सुरक्षेचे अपडेट येतात.

आणखी एक. ११ जीबी अधिक ११ जीबी म्हणजे २२ जीबी होत नाहीत. एसएलआयमध्ये दोन्ही कार्डांवर तोच माल भरावा लागतो, वापरायला ११ च मिळतात.

लॅमिंग्टन_लोकल
वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण धागाकर्त्याने विचारलंय एसएमपीएसबद्दल, तर तेही सांगतो.

दुकानात डबा हातात घ्या आणि बाजूचा स्टिकर वाचा. मोठ्या अक्षरातला आकडा सोडा, खालच्या तक्त्यात +१२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते बघा. ग्राफिक कार्ड आणि प्रोसेसर दोघंही १२ व्होल्टवरच जगतात. चांगल्या ८५० वॉटच्या एसएमपीएसवर तिथे ७० अँपिअरच्या पुढे आकडा असतो. ७०.८ गुणिले १२ केलं की जवळजवळ ८५० येतात, म्हणजे सगळी ताकद १२ वर मिळते. आता कॅबिनेटसोबत फुकट येणारा '४५० वॉट'चा डबा बघा. १२ व्होल्टखाली १६ अँपिअर असतील, तर झाले १९२ वॉट! बाकीचे वॉट ३.३ आणि ५ व्होल्टवर दाखवलेले, त्यांचा तुम्हाला काडीचा उपयोग नाही.

तक्ताच नसेल तर डबा परत ठेवा आणि पुढच्या दुकानात जा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला पुढचं दुकान चार पावलांवर असतं.

कृष्णाकाठ
@एकच_कार्ड_बास, मुद्दा पटतो. पण मी खेळतो ते तिन्ही गेम दोन कार्डांवर चालतात. नवीन गेमची मला घाई नसते.

फुलझाड२२
धाग्यातलं निम्मं कळलं नाही, पण आमच्या चिरंजीवांनी हीच मागणी केलीय, म्हणून वाचतेय. कुणी सांगेल का, मोठा एसएमपीएस घेतला की विजेचं बिल वाढतं का?

व्होल्टमावशी
@फुलझाड२२, नाही वाढत. १००० वॉटचा एसएमपीएस १००० वॉट 'खात' नाही. कॉम्प्युटर मागेल तेवढंच तो देतो, आणि ते देताना थोडी वीज उष्णतेत जाते, तेवढाच तोटा.

आता @कृष्णाकाठ यांच्यासाठी हिशेब. १०८० टीआयचा अधिकृत आकडा २५० वॉट. कंपन्यांची थोडी चढवलेली मॉडेलं २८० च्या घरात जातात, तेव्हा दोघांचे ५६० धरा. ८७००के वर कागदोपत्री ९५ लिहिलेलं असलं तरी गेम चालू असताना ताणलेला असेल तर १४० धरा. बोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून ५० ते ६०. झाले साधारण ७५०. हे सगळं एकाच क्षणी कमाल पातळीवर जाणं विरळाच, पण एसएमपीएस निवडताना त्याच क्षणाचा विचार करायचा असतो. ८५० वॉटवर हा भार ८८ टक्के, १००० वर ७५ टक्के. १२०० ची गरज मला दिसत नाही.

पण तुमच्या पोस्टमधली शेवटून दुसऱ्या परिच्छेदातली ओळ वाचून मी थांबले. कॅबिनेटला झिणझिण्या येतात आणि 'पहिल्यापासून आहेत'? अहो, तुमच्या भिंतीतल्या विजेच्या बोर्डाला अर्थिंग नाहीये, किंवा तुटलंय!

प्रत्येक एसएमपीएसच्या तोंडाशी एक फिल्टर असतो. त्यातले दोन छोटे कपॅसिटर फेजकडून आणि न्यूट्रलकडून कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर त्यांतून झिरपणारा थोडासा करंट मुकाट जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर पत्रा मधल्या मध्ये लटकतो, २३० च्या निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास. करंट अगदी कमी असतो म्हणून नुसत्या झिणझिण्या येतात. पण उद्या आत खरोखर फेज पत्र्याला टेकली तर तिला जायला वाटच नाही, ती तुमच्यातून जाईल. कितीही महाग एसएमपीएस आणा, हा दोष भिंतीत आहे, तो तिथेच राहणार.

मल्टीमीटर एसीवर ठेवून सॉकेटमध्ये तीन मापं घ्यायला सांगा: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. पहिली दोन जवळपास सारखी यायला हवीत, तिसरं दोन-तीन व्होल्टच्या आत. हे काम वायरमनकडूनच करून घ्या, स्वतः सॉकेटमध्ये हात घालू नका.

गावठी_ओव्हरक्लॉकर
मावशींना +१. आमच्याकडे एका वायरमनने यावर 'उपाय' म्हणून बोर्डातच न्यूट्रल आणि अर्थच्या पिना तारेने जोडून दिल्या होत्या. झिणझिण्या लगेच बंद!

व्होल्टमावशी
@गावठी_ओव्हरक्लॉकर, ते आजच्या आज काढून टाका. न्यूट्रल कुठे सुटली किंवा फेज-न्यूट्रल उलटसुलट झाली, तर कॅबिनेट, फ्रिज, वॉशिंग मशीन, सगळ्यांच्या पत्र्यावर थेट २३० येतील. झिणझिण्या बंद झाल्या म्हणून हा प्रकार लोकांना बरोबर वाटतो आणि म्हणूनच तो जास्त धोक्याचा. खरा उपाय म्हणजे जमिनीत अर्थिंगचा खड्डा आणि मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच). कोळसा-मीठ घातलेला जुना खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात पाणी ओतत राहावं लागतं, माती कोरडी पडली की अर्थिंग नावालाच उरतं.

गावठी_ओव्हरक्लॉकर
तार काढली, मावशी. वायरमन बदलला.

वऱ्हाडी_फ्रेमरेट
अकोल्याहून नमस्कार. गोल्ड-ब्राँझवर माझं मत थोडं वेगळं आहे बाप्पा.

८० प्लसच्या बिल्ल्याची चाचणी साधारण २३ अंशाच्या खोलीत होते. आमच्याकडे मे महिन्यात बाहेर ४५, आणि कॅबिनेटच्या आत त्याहून जास्त. म्हणून मी बिल्ला नंतर बघतो. आधी बघतो कंपनी पूर्ण वॉट किती तापमानाला देते. बऱ्याच चांगल्या एसएमपीएसवर ५० अंशाला पूर्ण लोड असं स्पष्ट लिहिलेलं असतं, काहींवर ४० असतं, आणि स्वस्तातल्यांवर काहीच नसतं. आतले कपॅसिटर १०५ अंशाचे आहेत की ८५ चे, हेही बघा. इकडे त्यानेच आयुष्य ठरतं.

दोन कार्डं म्हणजे खोलीत ७५० वॉट उष्णता. एक टनाचा एसी साधारण साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर काढतो, म्हणजे त्याचा पाचवा हिस्सा तुमच्या गेमनेच खाल्ला. आणि कूलर असेल तर त्याच्या थेट तोंडाशी पीसी ठेवू नका, ओली हवा आत ओढली जाते.

काटकसर
गोल्डने बिल वाचतं हा गैरसमज आहे, आकड्यांत बघा. ७०० वॉट लोड. गोल्ड ९० टक्के धरला तर भिंतीतून ७७८, ब्राँझ ८५ धरला तर ८२४. फरक ४६ वॉट. रोज तीन तास खेळलात तर महिन्याला चारच युनिट. दहा रुपये युनिट धरला तरी चाळीस रुपये.

वऱ्हाडी_फ्रेमरेट
@काटकसर, बिलाचं बरोबर आहे. पण ते ४६ वॉट एसएमपीएसच्या पोटातच उष्णता होऊन राहतात ना भाऊ. ब्राँझवाला १२४ वॉट तापतो, गोल्डवाला ७८. पंखा कोणाचा जास्त बोंबलेल?

काटकसर
हे मान्य. गोल्ड घ्यावा, पण या कारणासाठी. मात्र माझं मत ८५० वरच आहे. मावशींच्या हिशेबातच ७५० ही टोकाची बेरीज आहे. चांगल्या ८५० ला ती सतत झेपते, त्यासाठीच तर तो विकलाय.

जर्सीसिटीकर
@काटकसर, सतत झेपणं वेगळं आणि उसळी झेपणं वेगळं. माझ्याकडे दोन आरटीएक्स ३०९० आहेत, गेमसाठी नाही, ब्लेंडर आणि घरच्या घरी एआय मॉडेल चालवायला. ३० मालिकेत एनव्हीलिंक (दोन कार्डं जोडणारा एसएलआयनंतरचा दुवा) फक्त ३०९० आणि ३०९० टीआयला होतं, ४० मालिकेत तर ४०९० लाही ते दिलं नाही. कागदावर प्रत्येकी ३५० वॉट. प्रत्यक्षात मिलिसेकंदाहून कमी वेळासाठी एकेक कार्ड ५०० च्या वर उडी मारतं. दोघांनी एकदम उडी मारली की एसएमपीएसचं संरक्षण त्याला बिघाड समजतं आणि पीसी खटकन बंद. निळा स्क्रीन नाही, एरर नाही. मागचं बटण बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय परत जागा होत नाही.

याच दुखण्यासाठी २०२२ मध्ये एटीएक्स ३.० (एसएमपीएसच्या नियमांची नवी आवृत्ती) आलं. त्यानुसार नवीन १६ पिनी कनेक्टर असलेल्या मोठ्या एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांपर्यंत आपल्या क्षमतेच्या दुप्पट उसळी सहन करायला हवी. नवीनच घ्यायचा तर एटीएक्स ३.० किंवा ३.१ लिहिलेलाच घ्या, जरी १०८० टीआयला तो कनेक्टर लागत नसला तरी. पुढे कार्ड बदलाल तेव्हा एसएमपीएस तोच चालेल.

ता. क. इथे अमेरिकेत १२० व्होल्ट, १५ अँपिअरची लाईन. सतत चालवायचं तर १४४० वॉटच्या वर जायचं नाही. त्याच लाईनवर बायकोने हेअर ड्रायर लावला की ब्रेकर पडतो. भारतातल्या १६ अँपिअरच्या सॉकेटचा मला खरंच हेवा वाटतो.

हजारी
@काटकसर, मी १००० च्या बाजूने, पण कारण उसळी नाही, वायरी आहेत. बऱ्याच कंपन्यांच्या १०८० टीआयला दोन-दोन ८ पिनी कनेक्टर लागतात, म्हणजे दोन कार्डांना चार. ८५० वॉटच्या बऱ्याच एसएमपीएसमध्ये चार कनेक्टर मिळतात खरे, पण दोनच वायरींवर, एकाच वायरीला दोन तोंडं फोडलेली. एका ८ पिनीचा नियम १५० वॉटचा. दोन तोंडांतून ३०० ओढले की २५ अँपिअर त्याच तीन पिवळ्या तारांतून जाणार. वायर गरम लागते, प्लग कडक होत जातो. १००० च्या मॉडेलमध्ये बहुधा सहा कनेक्टर असतात आणि स्वतंत्र वायरी जास्त मिळतात. खोक्यावर वॉट वाचण्याआधी ग्राफिक कार्डाच्या स्वतंत्र वायरी किती ते मोजा.

आणि कनेक्टर कमी पडला म्हणून साटाच्या (डिस्कला वीज देणाऱ्या) वायरीला ६ पिनी अडॅप्टर लावू नका. साटाच्या प्लगची १२ व्होल्टवरची कुवत ४.५ अँपिअर, म्हणजे ५४ वॉट. ६ पिनी ७५ मागू शकतो. तो प्लग वितळतो.

पाटीवरचा_पाठ
हजारींच्या म्हणण्याला जोड: मॉड्युलर (वायरी सुट्या काढता येणारा) एसएमपीएस बदलताना जुन्याच्या वायरी नव्याला कधीही लावू नका. कार्डाकडचं टोक सगळ्यांचं सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाला कुठल्या पिनेत १२ आणि कुठल्या पिनेत ग्राउंड, हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही फरक असतो. प्लग बिनबोभाट बसतो आणि बटण दाबताच एसएसडी, हार्ड डिस्क, सगळं जातं. जुन्या वायरी त्याच दिवशी वेगळ्या पिशवीत बांधून नाव लिहून ठेवा.

आद्य_गेमर
१९९८ ला व्हूडू २ या ग्राफिक कार्डांची जोडी लावून खेळलेला माणूस या धाग्यावर आला नाही तर कसं होईल! तेव्हा दोन कार्डं मिळून एका चित्राच्या एकाआड एक ओळी काढत. एसएमपीएस कुठला, हा प्रश्नच कोणाला पडत नसे. ती कार्डं सगळी वीज स्लॉटमधूनच घ्यायची, वेगळी वायर नाहीच.

नंतर २०१४ ला एएमडीने आर९ २९५एक्स२ काढलं, एकाच कार्डावर दोन चिप, सोबत पाण्याचा कूलर. ५०० वॉट! आणि कनेक्टर फक्त दोन ८ पिनी. स्लॉटचे ७५ आणि दोघांचे १५०-१५० मिळून नियमात बसतात ३७५. उरलेल्याचं काय? एएमडीने सरळ सांगितलं की तुमच्या एसएमपीएसच्या प्रत्येक ८ पिनी वायरीने २८ अँपिअर द्यायला हवेत. तेव्हापासून मी वॉटआधी अँपिअर विचारतो.

सिंगल-मल्टी रेलचं कोणी बोललं नाही म्हणून सांगतो. मल्टी रेलमध्ये १२ व्होल्टची एकच ताकद तीन-चार भागांत वाटून प्रत्येकाला वेगळी मर्यादा घातलेली असते. शॉर्ट झालं तर लवकर तुटतं, हा फायदा. पण दोन्ही कार्डं एकाच रेलवर लावली तर विनाकारण ट्रिप होतो, त्यामुळे कुठला सॉकेट कुठल्या रेलवर ते पुस्तिकेत बघून कार्डं वेगवेगळ्या रेलवर टाका. सिंगल रेलला ही डोकेदुखी नाही. चांगल्या कंपनीचा असेल तर दोन्ही बरे.

दिवाबत्ती
यूपीएस कोणी घेतलाच नाही चर्चेला. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॉट नव्हे! घरगुती ६०० व्हीएचे यूपीएस बहुतेक ३६० वॉटचे असतात. दोन कार्डांवर गेम चालू असताना लाईट गेली की तो ओव्हरलोडची किंकाळी मारून त्याच क्षणी बंद होणार. यूपीएस असून नसल्यासारखा.

दुसरं, आजच्या चांगल्या एसएमपीएसमध्ये अॅक्टिव्ह पीएफसी (भिंतीतून येणारा करंट सुरळीत ओढणारं सर्किट) असतो. स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेला की पायऱ्यापायऱ्यांची लहर देतो, ती काही एसएमपीएसना मानवत नाही. शुद्ध साइन वेव्हचा (भिंतीतल्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा) घ्या, आणि वॉट बघून घ्या.

घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे यूपीएस मोडचं बटण असतं, ते चालू करा. लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला त्याला कमी वेळ लागतो. जुन्या एटीएक्स नियमाने एसएमपीएस पूर्ण लोडवर साधारण १७ मिलिसेकंद तग धरतो. साध्या मोडमध्ये इन्व्हर्टर त्याहून जास्त वेळ घेऊ शकतो.

फुलझाड२२
म्हणजे चिरंजीवांच्या यादीत आता साइन वेव्हचा यूपीएस पण आला! पण अर्थिंगचं वाचून आमच्याही घरात तपासायला सांगितलं. मुलाच्या खोलीतल्या सॉकेटची तिसरी पिन नुसतीच शोभेची निघाली. मावशी, मनापासून आभार.

अर्धी_फ्रेम
@एकच_कार्ड_बास यांच्या पहिल्या मुद्द्याला एक पुरवणी. एसएलआय गेलं असलं तरी दोन कार्डांचा एक नवा उपयोग लोकांनी शोधलाय. लॉसलेस स्केलिंग नावाच्या प्रोग्रॅममध्ये एक कार्ड गेम काढतं आणि दुसरं कार्ड मधल्या फ्रेम तयार करतं. मॉनिटरची वायर दुसऱ्या कार्डाला लावायची. गेमने वेगळी सोय करायची गरज नाही, कार्डं एकसारखी नसली तरी चालतं, ब्रिजही नको. माझ्याकडे ३०८० सोबत आरएक्स ६६०० आहे, ३२० अधिक १३२ वॉट. ८५० वॉटचा एसएमपीएस शांतपणे ओढतो. बटण दाबल्यापासून हालचाल दिसेपर्यंत किंचित उशीर वाढतो, पण गोष्ट असलेल्या गेमला तो जाणवत नाही.

धागाकर्त्यांना जोडीला एखादं १५० वॉटच्या आतलं कार्ड पुरेल, दुसरं १०८० टीआय कशाला?

एकच_कार्ड_बास
हे मला माहीत नव्हतं, वाचून बघतो. तरी माझा हिशेब सांगतो. आरटीएक्स ४०७० चं एकच कार्ड, २०० वॉट, १२ जीबी, नवीन ड्रायव्हर. १०८० टीआयपेक्षा स्पष्टपणे वेगवान. धागाकर्त्यांचा एसएमपीएस चांगल्या अवस्थेत असेल तर तो ६५० वॉटचाच चालेल. दुसरं कार्ड, १००० वॉटचा एसएमपीएस आणि मोठा यूपीएस यांची बेरीज करा आणि मग किंमत ताडून बघा.

हजारी
आणि जुनं कार्ड घेणारच असाल तर ते मायनिंगमधून (क्रिप्टो चलन कमवायला रात्रंदिवस चालवलेलं) आलेलं नाही ना, बघा. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि बाजारात कार्डांचा पूर आला. कार्ड एक वेळ धुऊन-पुसून, पेस्ट बदलून चालेल. पण मायनिंगमध्ये रात्रंदिवस राबलेला एसएमपीएस फुकट मिळाला तरी घेऊ नका.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे आभार. काल वायरमन येऊन गेला. मावशींनी सांगितलेली तिन्ही मापं घेतली. फेज-न्यूट्रल २२१, फेज-अर्थ ९०-१०० मध्ये हलत होतं, न्यूट्रल-अर्थलाही बरंच काही दाखवत होतं. परसातल्या अर्थिंगच्या खड्ड्याशी गेलो तर पट्टीला जोडलेली तार गंजून पार तुटलेली, नुसती टेकून उभी. नवीन खड्डा करायचं ठरलंय, सोबत आरसीसीबी. आज तात्पुरती तार बदलली तर फेज-अर्थ २१९ आलं आणि कॅबिनेटच्या झिणझिण्या गेल्या.

आता कार्डाचं. एकच_कार्ड_बास, तुमची बेरीज करून बघितली. १००० वॉटचा एटीएक्स ३.१ गोल्ड आणि साइन वेव्ह यूपीएस धरला तर मित्राचं कार्ड स्वस्त राहत नाही. दुसरीकडे, माझा ६५० चा डबा आठ वर्षं जुना आहे, तो तसाही बदलायला आलाय. तेव्हा मित्राचं कार्ड सोडतोय. ८५० वॉट, एटीएक्स ३.१, गोल्ड, ५० अंशाला पूर्ण लोड लिहिलेला, ग्राफिक कार्डाच्या स्वतंत्र वायरी तीन, असा घेतो. त्यावर पुढे एक मोठं कार्ड, आणि वाटलं तर अर्धी_फ्रेम यांच्यासारखं जोडीला छोटं. चालेल ना?

व्होल्टमावशी
उत्तम. तोवर आहे त्याच कार्डाची पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणून बघा, २५० चे २०० वॉट होतात आणि फ्रेम फारशा कमी होत नाहीत. आणि तात्पुरती तार खरोखर तात्पुरती राहू द्या, खड्डा पावसाळ्याआधी करून घ्या.

काटकसर
८५०! म्हटलं होतं की.

हजारी
एका मोठ्या कार्डासाठी ८५०, हो. दोन १०८० टीआयसाठी मी अजूनही १००० वरच आहे. :)

जर्सीसिटीकर
@कृष्णाकाठ, नवीन कार्ड १६ पिनी कनेक्टरचं असेल तर प्लग पूर्ण आत बसलाय ना, हे बॅटरी मारून बघा, फट दिसता कामा नये. २०२२ मध्ये ४०९० चे जे प्लग वितळले त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी प्लग अर्धवट बसलेला होता. वायर प्लगच्या अगदी मुळाशी वाकवू नका. कॅबिनेटची रुंदी मोजून घ्या, काचेचा दरवाजा वायरीला दाबतो.

कृष्णाकाठ
कॅबिनेट जुनं आहे, काच नाही, पत्रा आहे. संध्याकाळी मोजून इथेच लिहितो.